फू

दुपारी तीन. सराफ्यात या वेळेला
माश्यासुद्धा उधारीवर बसतात.
शेवंताबाई खांडेभराड दुकानाची पायरी चढल्या,
कनवटीची पिशवी सोडली, पिशवीतून पुडी,
पुडीतून नाणं.
म्हणल्या, आटवा. कांताच्या कुड्या करायच्यात.
पण ती बाजू बघू नका.

सोनाराला असं सांगायचं नसतं.
मी भिंग डोळ्याला लावलं.
पाच वाघळं.
पंख पसरून, फेर धरलेली,
मधी एक अक्षर, कुठून सुरू झालं ते सापडत नाही असं,
ठिपके पुसल्यावर उरलेल्या रांगोळीसारखं.
नाणं चीनचं. सोनं चोख,
कसाला घासलं तर हळदीची रेघ.

ती सांगायला लागली.
मिलमधी नवी भट्टी बसवायला लिऊ साहेब आलता,
चौदा महिने जालन्यात राहिला,
मोसंबी सालीसकट खायचा,
आमच्या दारात बसून ठेच्यानं रडायचा
अन् पुन्हा मागायचा.
एका रात्री लाईट गेली. लोखंडाच्या रसानं भरलेली बादली
वर, अर्ध्या वाटेत.
खाली सात माणसं.
ह्यांनी क्रेनचा ब्रेक हातानं धरला, पाऊण तास.
लिऊच्या कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून
तिकडं ही नाणी पाडली होती,
त्याच्या वाट्याचं त्यानं जाताना ह्यांना दिलं.

अन् वाघळं बगून मी दचकलेच.
घरात एक शिरलं तर मीठमोहऱ्या ओवाळतो आपण,
इथं तर पाच, तीबी सोन्याची.
आठ वर्षं गव्हाच्या कोठीत पालथं ठेवलं.
गव्हात सोंडे झाले की म्हणायची, ह्याच्यामुळंच.
ह्यांना ताप आला की म्हणायची, ह्याच्यामुळंच.

डबीत एक कागद होता, परवा कांतानं वाचला.
तिकडं वाघळाला फू म्हणतात.
बरकतीलाबी फू.
बोलायला एकच, म्हणून काढायलाबी एकच.
पाच वाघळं म्हणजे पाच बरकती:
लांब आयुष्य. पैसा. धड शरीर. नीट वागणूक.
पाचवी सांगताना ती पिशवीची नाडी ओढत बसली.
पाचवी, म्हणली,
आपल्या अंथरुणावर, सुखानं मरण.

रुस्तुमराव मागच्या पोळ्याला गेले.
बैलं ओवाळून आले, जेवले, आडवे झाले.
सकाळी चहा गार.
बावीस वर्षं रसाच्या वर टांगलेला माणूस,
पायाखाली उकळतं लोखंड,
आणि मरण आलं ते गोधडीत, कुशीवर.
आयुष्य लांब नव्हतं. पैसाही नव्हता.
हे मी बोललो नाही.
तिनं आधीच मोजलेलं दिसत होतं.

मूस ठेवली. कोळसे लाल केले.
फुंकणी ओठाला लावली आणि हवा गालातच अडली.
पंचेचाळीस वर्षं मी हेच करतोय, फू,
बापानं हेच शिकवलं, फू,
भाजल्या बोटावर आईनं हेच केलं.
एवढ्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं
तोंडातून काय जातंय ते.

शेवंताबाई म्हणल्या,
चार आटवा. पाचवं तेवढं कापून द्या.

आता गोलात पाचवं कुठलं?
मी नाणं फिरवलं, पुन्हा फिरवलं.
सगळ्यांची तोंडं अक्षराकडं,
सगळ्यांचे पंख सारखे.
कागदातबी लिहिलं नव्हतं.
तिनं चष्मा पुसला, वाकली,
गव्हात हात घालून खडा शोधावा
तसं एकावरून एकावर बोट नेत राहिली.
एका पंखाची कड कोठीत घासून घासून बोथट झालेली.
हे, म्हणली. हेच खालच्या बाजूला असायचं.

बारीक करवत घेतली. कीस रुमालात धरला.
चाराच्या कुड्या व्हायला दोन दिवस लागतील म्हणलं,
घट गुंजभर धरा.
पाचवं तिनं पुडीत बांधलं नाही.
तळहातावर ठेवलं, पंख वर,
आणि मूठ न मिटता
पायऱ्या उतरून गेली.